कच्ची पट्टी ते पक्की पट्टी : आमची वाटचाल

एखाद्या फर्मची वाटचाल सांगायची तर आज किती गिऱ्हाईक आहेत आणि सुरुवातीला किती होते, हे सांगायची रीत आहे. मला मात्र आमची वाटचाल आम्ही वेळोवेळी वापरून पाहिलेल्या अपुऱ्या, अर्धवट सॉफ्टवेअरच्या क्रमाने आठवते. लातूरच्या मार्केट यार्डातील आडत दुकानांसाठी, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणाऱ्यांसाठी, पट्टी (शेतकऱ्याला विकलेल्या मालाचा द्यायचा हिशेबाचा कागद), रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खातेवही यांचे सॉफ्टवेअर तयार करून देणे हा आमचा धंदा असून २००४ साली तो यार्डालगतच्या एका गाळ्यात, एका संगणकावर आणि मोठ्या भावाने दिलेल्या उसन्या भांडवलावर सुरू झाला. आज मी, धाकटा भाऊ आणि येथेच शिकलेली तीन मुले मिळून तो सांभाळतो.

योगायोगाने आम्ही सुरुवात केली त्याच वर्षी, १ एप्रिलला, जीमेल सुरू झाले. इतर ठिकाणी टपालपेटीला दोन-चार एमबी जागा मिळत असताना येथे एक जीबी मिळणार होती आणि ती फक्त कोणी आमंत्रण दिले तरच. पुण्याच्या एका मित्राकडून ते आमंत्रण मिळवण्यासाठी मी महिनाभर पाठपुरावा केला. नावाखाली लिहिलेल्या ‘बीटा’ या शब्दाचा अर्थ, म्हणजे अजून चाचणीत असलेली आवृत्ती, तेव्हा मला माहीत नव्हता. तो कंपनीच्या नावाचाच भाग असावा, असे मी धरून चाललो होतो. ती पाटी ७ जुलै २००९ रोजी उतरली, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ आमचा सारा पत्रव्यवहार, पार्ट्यांच्या, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांच्या, बॅकअप फायलींसह, ज्याला बनवणारेच अजून तयार म्हणत नव्हते अशा सेवेवर चालला होता. त्यात काही बिघडले नाही, आणि न बिघडल्यामुळेच आम्ही गाफील झालो.

त्या गाफीलपणाची किंमत आम्ही २००९ सालीच मोजली. जानेवारीत विंडोज ७ ची बीटा आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. ती फाईल अडीच जीबीच्या आसपास होती आणि आमच्याकडील जोडणीचा वेग व भारनियमनाचे वेळापत्रक पाहता ती उतरवून घेणे अशक्यच होते. शेवटी पुण्याच्या त्याच मित्राने डीव्हीडी करून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिली आणि मी पहाटे पाच वाजता थांब्यावर जाऊन ती घेतली. वेगळा संगणक नव्हता, म्हणून कामाच्याच संगणकावर ती बसवली. चालली उत्तम. या आवृत्तीची मुदत १ ऑगस्टला संपेल आणि त्याआधी महिनाभर, १ जुलैपासून, संगणक दर दोन तासांनी आपोआप बंद पडेल, हे बनवणाऱ्यांनी स्पष्ट लिहिले होते; मी ते वाचलेही होते आणि विसरलो होतो. जुलैत खरिपाच्या बियाण्यांची उधारी मांडण्याचे काम आमच्याकडे असे. भारनियमनात वीज जायची आणि वीज असेल तेव्हा संगणक दोन तासांनी स्वतःच झोपायचा. चूक संपूर्ण माझी होती, परंतु त्या महिन्यात भावाने माझ्याशी धड बोलणे टाकले होते.

त्यानंतर आम्ही जुन्या बाजारातून एक संगणक घेतला आणि त्याला ‘कच्चा’ असे नाव दिले. नवे काहीही आले की ते आधी कच्च्यावर चालवायचे आणि कच्च्यावर कोणत्याही पार्टीचा खरा हिशेब ठेवायचा नाही, हा नियम झाला. हा नियम आम्ही एकदा वाकवला. नव्याने निघालेली एक ऑनलाइन साठवण सेवा बीटा काळात फुकट होती. तिच्यावर चार दुकानांचे बॅकअप ठेवले आणि एके सकाळी ‘तीस दिवसांत सेवा बंद होत आहे’ असा मेल आला. दुसरीकडे प्रत होती म्हणून निभावले. मोठ्या कंपन्यांचेही यापेक्षा वेगळे नसते. गूगल वेव्ह या एकत्र लिहिण्या-बोलण्याच्या ऑनलाइन सेवेची आमंत्रणे सप्टेंबर २००९ च्या अखेरीस निघाली तेव्हा त्यांसाठी झुंबड उडाली होती, आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये त्यावरील काम थांबवल्याचे जाहीर झाले. बीटा वापरणाऱ्याने माल बाहेर काढण्याचा रस्ता आधी बघून ठेवावा, हे आमच्या मुलांना मी पहिल्या दिवशीच सांगतो.

खरे शिक्षण मात्र २०१४ च्या दिवाळीत झाले. आडत्यांकडे पाडव्याला नवी वही सुरू होते, त्यामुळे नवे सॉफ्टवेअरही त्याच मुहूर्तावर हवे असते. आणि नेमकी तेव्हाच यार्डात सोयाबीनची आवक ऐन भरात असते. त्या वर्षी आमच्या पट्टीची छपाई फार सावकाश होत होती. छपाईसाठी आम्ही दुसऱ्यांनी तयार केलेला सॉफ्टवेअरचा जो घटक वापरत होतो, त्याची बीटा आवृत्ती कच्च्यावर झपाट्याने छापत होती. आठ दिवस तपासून ती आम्ही दोन दुकानांत बसवली. यार्ड पुन्हा सुरू झाले त्या दिवशी दुपारी एका दुकानातील मुनीमकाकांचा फोन आला, “साहेब, तुमचं यंत्र ‘शेतकर्याचे नाव’ असं छापायलंय. अन् कऱ्हाळ्यांची पट्टी कर्हाळ्यांची झालीय, माणूस घेईना.”

मी जाऊन पाहिले तेव्हा काउंटरवर पंधरा-वीस पट्ट्या उलट्या ठेवलेल्या होत्या. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ मधील आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा र जाऊन त्याजागी डोक्यावर रफार आला होता. कारण शोधायला रात्र गेली. हा मराठी र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो : एकात नुक्ता (खालचे टिंब) असलेला ‘ऱ’ आणि हलन्त (पाय मोडल्याचे चिन्ह) असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. बीटा आवृत्ती ते न दिसणारे चिन्ह गाळत होती. आमची चाचणी आम्ही नव्या कळफलकावर टंकलेल्या नावांवर केली होती, त्यामुळे ती पहिल्या प्रकारची होती आणि बिनचूक छापली गेली. दुकानातील नावे आम्ही पूर्वी जुन्या फॉन्टमधून रूपांतरित केलेली, म्हणजे दुसऱ्या प्रकारची होती. एकाच शेतकऱ्याची दोन खाती कशी होतात, हे आमचे जुने कोडेही त्याच रात्री सुटले, कारण शोधताना संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटत होती.

जुनी आवृत्ती परत बसवून मी त्या घटकाच्या निर्मात्यांना संतापाने लिहिले की तुमच्या बीटामध्ये मराठी नीट छापले जात नाही. दोन ओळींचे उत्तर आले की त्यांच्याकडे नीट छापले जाते. राग ओसरल्यावर भावाने दुसरे पत्र लिहिले. त्यात आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, एकच शब्द, त्यातील प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक, अपेक्षित छपाईचे चित्र, प्रत्यक्ष छपाईचे चित्र आणि आधीच्या आवृत्तीत हेच बरोबर येत होते ही नोंद, एवढेच होते. तक्रारीचा सूर कोठेही नव्हता. पुढच्या बीटामध्ये दुरुस्ती आली. माझे पत्र अजून मी जपून ठेवले आहे, नव्या मुलाला कसे लिहू नये हे दाखवण्यासाठी.

तेव्हापासून ऑक्टोबर ते डिसेंबर कोणत्याही दुकानात नवे काही बसवायचे नाही, मग पाडवा असो की आणखी काही, असे आम्ही ठरवले. त्यामुळे दोन पार्ट्या गेल्या. एक परत आली. सरकारी कामांत हा सावधपणा सोपा गेला, कारण ई-इनव्हॉइससाठी, म्हणजे सरकारी यंत्रणेत ऑनलाइन नोंदवायच्या जीएसटी बिलासाठी, खोट्या नोंदणी क्रमांकांवर चालणारी चाचणीची वेगळी जागाच असते. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीला ई-इनव्हॉइस लागू झाले, तोवर आमची मुले तेथे शेकडो लटकी बिले फाडून बसली होती.

एवढी वर्षे आम्ही दुसऱ्यांचे कच्चे चाखत होतो. २०२४ च्या सुरुवातीला आमचे कच्चे दुसऱ्यांना चाखायला देण्याची पाळी आली. पट्टी मोबाइलवर करता यावी म्हणून आम्ही ॲप तयार केले, आणि प्ले स्टोअरवर टाकायला गेलो तेव्हा कळले की १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान वीस चाचणीकार सलग चौदा दिवस जोडलेले दाखवावे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या बारावर आली. आमच्या वाट्याला वीसच आली. सात मुनीम, चार आडते, दोन हमालांची शिकलेली मुले, भाचा, शेजारचा झेरॉक्सवाला, असे करत वीस जमवले. नवव्या दिवशी दोघांनी, एकाने फोन बदलला म्हणून आणि दुसऱ्याने जागा पुरत नाही म्हणून, चाचणी सोडली आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. दुसऱ्या खेपेला आम्ही सव्वीस जण घेतले.

या सव्वीस जणांपैकी बहुतेकांनी ‘चांगले आहे’ एवढेच कळवले, जे आम्हीही आयुष्यभर इतरांना कळवत आलो होतो. अपवाद त्याच मुनीमकाकांचा. त्यांनी रोजमेळाच्या वहीची मागची पाने यासाठी राखून ठेवली होती आणि पाचव्या दिवशी ती वही माझ्यापुढे ठेवली. तारीख, वेळ, काय टाकले, काय आले, काय यायला हवे होते, अशा उभे रकाने पाडून केलेल्या नोंदी होत्या. तिसऱ्या नोंदीत लिहिले होते : वजन १८ क्विंटल ४ किलो टाकले, ॲपने १८ क्विंटल ४० किलो धरले. यार्डात वजन १८-४ असे लिहितात, म्हणून काकांनी १८ नंतर टिंब देऊन ४ दाबले होते आणि आमच्या दशांशाच्या हिशेबाने ते बिनचूक ४० किलो झाले होते. फरक ३६ किलोंचा. सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,४०० रुपये धरला तर १,५८४ रुपयांचा. आम्ही तिघांनी मिळून तो रकाना किमान दोनशे वेळा तपासला असेल, पण आमच्यापैकी कोणी कधी काट्याजवळ उभे राहून वजन लिहून घेतले नव्हते.

त्या रात्री आम्ही क्विंटलचा आणि किलोचा रकाना वेगळा केला आणि किलोच्या रकान्यात ९९ च्या पुढे आकडा जाणार नाही असे केले. सकाळी नवी आवृत्ती काकांच्या फोनवर टाकली. त्यांनी १८ आणि ४ टाकून पाहिले, वहीत त्या नोंदीपुढे बरोबरची खूण केली आणि विचारले, “म्हणजे ही अजून कच्ची पट्टीच ना? पक्की कधी करताय?” मी म्हटले, अजून नऊ दिवस. त्यांनी वहीचे पान उलटले आणि पुढच्या रकान्यांसाठी पट्टीने रेघा आखायला घेतल्या.