झाकलेली बाजू

दहावी ‘ब’, 1991. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा फोन आला तेव्हा मी चिंचोळी एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये एका हॉपरखाली, म्हणजे माल साठवून खालच्या तोंडातून सोडायच्या टाकीखाली, बसलो होतो. त्यामुळे स्नेहसंमेलन, बक्षिसं वगैरे काही आठवलं नाही. आठवला तो भोवरा.

महत्त्वमापनाचं प्रकरण चालू होतं. बाईंनी सुताराकडून मोठा लाकडी भोवरा आर काढून मधोमध कापून आणला होता. वरचा तुकडा अर्धगोल, खालचा शंकू. दोन्ही तुकडे निळ्या रंगात अख्खे बुचकळून वाळवलेले. त्रिज्या 3 सेमी, शंकूची उंची 4, म्हणजे तिरकस उंची 5. “भोवऱ्याचं पृष्ठफळ काढा.”

आम्ही अर्ध्याअधिक वर्गानं सूत्रं पाठ असल्याच्या तोऱ्यात अर्धगोलाचं एकूण 27π, शंकूचं एकूण 24π, बेरीज 51π असं ठोकून दिलं. बाई काही बोलल्या नाहीत. दोन्ही तुकड्यांना फेव्हिकॉल लावला, दाबून धरले आणि भोवरा बाकाबाकावरून फिरवला. “सपाट वर्तुळं दोन होती ना? दाखव बरं कुठायत.”

ती आत गेली होती, रंगासकट. उरली फक्त वक्रपृष्ठं : 18π आणि 15π, म्हणजे 33π. π 3.14 धरून 103.62 चौसेमी.

मग घनफळ. मी आता शहाणा झालो होतो, म्हणून घनफळातूनही ती दोन वर्तुळं वजा केली. घनसेमीतून चौसेमी! माझा कान बराच वेळ लाल होता. “अरे, रंग झाकला जातो, लाकूड कुठं जातंय?” 18π अधिक 12π, 30π, संपलं.

त्याच वर्षी सहल विजापूरला गेली. गोलघुमटाच्या सज्जात सगळे हाका मारून प्रतिध्वनी मोजत होते आणि बाई मला विचारत होत्या, “या घुमटाला आतून चुना लावायचा, तर खालचं वर्तुळ धरशील का?” मी नाही म्हणालो. तेव्हा नीट कळलं होतं, असं मला वाटतं.

नव्हतं. वर्कशॉप काढल्यावर पहिलीच मोठी ऑर्डर पशुखाद्याच्या हॉपरची : वर वृत्तचिती, खाली शंकू. व्यास 2.4 मीटर, वृत्तचितीची उंची 3, शंकूची 1.6, तिरकस उंची 2 मीटर. (खाली तोंड असतं म्हणून खरं तर तो शंकूछेद, टोक छाटलेला शंकू, पण तोंड लहान होतं, मी सोडून दिलं.) घनफळ बरोबर आलं, सुमारे 16 घनमीटर. पत्र्याचा हिशोब मात्र रात्री अकराला, झोपेत, दोन्ही आकारांची एकूण पृष्ठफळं मिळवून केला. 43.7 चौरस मीटर.

हवं होतं 34.7. वृत्तचितीची भिंत, शंकूची भिंत आणि वरचं एक झाकण. वृत्तचितीचं बूड आणि शंकूचं वरचं वर्तुळ मी उगाच धरलं होतं. तसं बूड बसवलं असतं तर खाद्य खाली उतरलंच नसतं! 9 चौरस मीटर जास्त. 3 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात ते 213 किलो होतं. कापाकापीची घट वेगळी धरलेली होती, म्हणून 2500 बाय 1250 चे तीन पत्रे जसेच्या तसे उरले. तेव्हा पैसे उसने घेऊन माल आणला होता. बायकोला मी आठवडाभर सांगितलं नाही.

त्यातला एक पत्रा वेल्डिंगच्या टेबलावर टाकलाय, बाकीचे दोन किरकोळ कामांत गेले. आता नवीन पोरगा कामाला लागला की त्याला ड्रॉइंग देताना जोडावर मी लाल खडूनं फुली मारतो. परवा एकानं विचारलं, “मालक, ही फुली कशाला?” मी त्याला म्हटलं, आधी तुझ्या डब्याचे दोन कप्पे एकावर एक ठेव आणि बाहेरून किती घासावं लागेल ते सांग. तो अजून मोजतोय.