तुम्ही विचारलंत म्हणून: लोखंडाचं कम्प्युटरवर काय बघता?

गावी आले की पानठेल्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत हाच प्रश्न येतो. "लोखंड तं लोखंडच असते नं बाई, कम्प्युटरात त्याचं काय दिसते?" शिकलेली मंडळी तेच जरा सभ्यपणे विचारतात: तापवून, ठोकून, तोडून बघता येतं, तर गणितं कशाला? उत्तर दोघांनाही एकच देते.

आधी एखादा जुना, पण गंज न चढलेला टिनपत्रा उन्हात तिरपा धरा. त्यावर बोटा-दोन बोटांचे वेडेवाकडे तुकडे दिसतील. एक लखलखतो, शेजारचा मंद. पत्रा जरा फिरवला की उलट होतं. कारखान्यात लोखंडी पत्रा वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. ते जस्त थिजताना ठिकठिकाणी स्फटिक वाढू लागतात आणि एकमेकांना भिडले की थांबतात. तो एकेक तुकडा म्हणजे जस्ताचा एकेक कण. प्रत्येकाच्या आत अणू ओळीने बसलेले, पण ओळींची दिशा कणागणिक वेगळी, म्हणून चमक वेगळी. (हल्लीच्या पत्र्यांवर ही नक्षी फारशी दिसत नाही. जस्तात शिसं असलं की ती मोठी उमटते, आणि ते आता कमी केलंय.) पोलाद, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, सगळे असेच कणांचे बनलेले असतात. फक्त त्यांचे कण बहुधा इतके बारीक, की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत.

माझं काम त्या कणांमधल्या सीमेवर चालतं. ती जागा शेताच्या धुऱ्यासारखी. दोन्हीकडच्या ओळी तिथे येऊन मोडतात, आणि शेतात ज्याला थारा नाही ते सगळं तिथे माजतं. सीमेवर अणूंची कुठे दाटी असते, कुठे मोकळीक. पोलादात राहून गेलेला फॉस्फरसचा अणू कणाच्या आत अवघडून बसलेला असतो. सीमेवर त्याला कमी ऊर्जेत जागा मिळते. असे किती अणू तिथे जमतील, याचं सुटसुटीत सूत्र धातुशास्त्रज्ञ डोनाल्ड मॅकलीन यांनी 1957 साली मांडलं.

आकडे घालूनच बघा. समजा दहा हजार अणूंत एकच परका आहे, आणि सीमेवर बसल्याने त्याची अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंची ऊर्जा मोजायचं माप) ऊर्जा वाचते. 1000 अंश सेल्सिअसला सीमेवरच्या शंभर जागांपैकी जेमतेम एक त्याच्याकडे जाते. 500 अंशाला पंधरा! भेसळ तेवढीच, बदललं फक्त तापमान. आणखी थंड केलं तर सूत्राप्रमाणे आकडा वाढतच जातो, पण प्रत्यक्षात तेव्हा अणूंना सरकायचं बळच उरत नाही. म्हणून घात होतो तो मधल्या पट्ट्यात, मिश्र पोलादात साधारण 375 ते 575 अंशांमध्ये. तिथून सावकाश निवू दिलेलं पोलाद ठिसूळ होतं, कारण सीमेवर जमलेला फॉस्फरस दोन कणांमधली पकड सैल करतो. 1969 साली इंग्लंडमधल्या हिंकले पॉइंट अणुवीज केंद्रात टर्बाइनची चकती चालू स्थितीत फुटली, ती अशाच ठिसूळ झालेल्या पोलादाची होती. चीर होती मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी बघत मोठ्या झालेल्या माणसाला ही गोष्ट परदेशातली वाटत नाही.

सीमेवर येणारा प्रत्येक पाहुणा वाईट नसतो, हेही सांगायला हवं. बोरॉन तिथे बसला तर बहुधा पकड घट्टच करतो.

आता कम्प्युटर कशाला? सीमा जाडीला जेमतेम चार-दोन अणूंची. ती प्रयोगात बघायची तर निर्वात पेटीत तुकडा मोडून लगेच तपासावा लागतो, नाहीतर सुईच्या टोकाहूनही बारीक नमुना अणू-अणू सोलावा लागतो. शिवाय सीमा एका प्रकारची नसते. दोन कण एकमेकांशी किती आणि कसे वळलेत याचे तीन आकडे, मधलं प्रतल कसं तिरकं आहे याचे दोन. अशा पाच आकड्यांनी एक सीमा ठरते. कम्प्युटरात मी हवी ती सीमा उभी करते, एका जागी परका अणू ठेवते, ऊर्जा मोजते, तो काढून पुढच्या जागी ठेवते. क्वांटम गणिताने हे काही शे अणूंपर्यंत झेपतं. मरे डॉ आणि मायकेल बास्केस यांनी 1984 च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीने लाखो अणू घेता येतात, मात्र अचूकपणा गमवावा लागतो.

मॅकलीनच्या सूत्रात सगळ्या जागा सारख्याच धरल्यात, हे मला पहिल्यापासून खटकतं. गणित करून बघितलं की काही जागा अणूला ओढतात, काही चक्क ढकलतात. एक आकडा नाही, आकड्यांचा सबंध पसारा निघतो. मालिक वागिह, पीटर लार्सन आणि ख्रिस्तोफर शू यांनी 2020 मध्ये मशीन लर्निंग वापरून अडीचशेहून जास्त मिश्रधातूंसाठी असे पसारे काढून दाखवले. चांगल्या जागा आधी भरतात, उरलेल्यांना दुय्यम जागा मिळते. त्यामुळे एका तापमानाला जुळवलेला सरासरी आकडा दुसऱ्या तापमानाला वापरला की हमखास फसवतो. तरी लोक वापरतात. सोपा पडतो ना.

"आमच्या वखराच्या पाशीला याचा काय उपयोग?" हा त्याच्या पाठोपाठचा प्रश्न. थेट काहीच नाही. लोहाराला पाणी कधी द्यायचं ते माझ्याहून चांगलं कळतं. पण पाशीचं पोलाद आता बरेचदा भंगारातून येतं, आणि भट्टीत भंगारासोबत गेलेलं तांबं पुन्हा बाहेर काढता येत नाही. ते 1085 अंशाला वितळतं. पोलाद लाटायला त्याहून जास्त तापवलं की वरचं लोखंड जळून पापुद्रा होतं, तांबं त्याखाली साठतं आणि पातळ होऊन सीमांमध्ये शिरतं. मग लाटताना पृष्ठभाग तडकतो. सोबत कथील असेल तर आणखीच लवकर. तेव्हा पंपाची जळकी मोटर भंगारवाल्याला देण्याआधी वाइंडिंग काढून घ्या. तुम्ही ते तसंही काढताच, तांब्याचा भाव वेगळा मिळतो म्हणून. फक्त खाचांमध्ये अडकलेल्या बारीक वायरीही सोडू नका.