टाऊ या मेंदूतल्या प्रथिनाची अँटीबॉडी मागवताय? जरा थांबा
आमच्या बडोद्याच्या लॅबमध्ये सेवउसळ खाता खाता नेहमी हाच वाद, नवीन पोरं सरसकट एटी८ ही अँटीबॉडी मागवायला निघतात पण ती सगळा टाऊ दाखवत नाही बरं का, सेरीन २०२ आणि थ्रिओनिन २०५ या त्याच्या साखळीतल्या दोन अमिनो आम्लांना फॉस्फेट लागलेला तेवढाच पकडते, म्हणून सोबत टाऊ५ सारखी एकूण टाऊ पकडणारी हवीच. नाहीतर वाढलं काय, टाऊ की फॉस्फेट, कसं कळणार?

खरी गंमत उंदराच्या मेंदूत. या दोन्ही उंदरापासूनच बनवलेल्या, त्यामुळे सेकंडरी, म्हणजे त्यांना चिकटून बँड दाखवणारी दुसरी अँटीबॉडी, त्या मेंदूतल्या उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडीलाही चिकटते आणि उंदराच्या त्या अँटीबॉडीची हेवी चेन, म्हणजे मोठी साखळी, ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या पडद्यावर) येते ५० किलोडाल्टन वजनाच्या आसपास, म्हणजे नेमकी टाऊच्या शेजारी! मी तरी टाऊ नसलेल्या नॉकआउट उंदराचा नमुना ब्लॉटवर दिसल्याशिवाय कुणाचाच बँड (पट्टा) खरा मानत नाही, कॅटलॉगमधला फोटो कितीही देखणा असो. फक्त लाइट चेन, म्हणजे छोटी साखळी, पकडणारी सेकंडरी घेतली तरी घोळ बराच मिटतो, ती चेन २५ ला दिसते.