सामान ट्रकमध्ये चढायच्या आधी

परवा मावसबहिणीचा फोन आला, नवऱ्याची हैदराबादला बदली झालीय, एक पॅकर्सवाला व्हॉट्सअॅपवर १४ हजार म्हणतोय आणि बाकीचे सगळे २५ च्या पुढे, देऊन टाकू का ताई? मी म्हटलं थांब, एक रुपया पाठवू नकोस. मग अर्धा तास बोलले, तेच इथे लिहून ठेवतेय.

आम्ही कोथरूडहून बंगळूरला गेलो तेव्हा असाच सगळ्यात स्वस्त माणूस घेतला होता. १८ हजार. घर बघायला कोणी आलं नाही, फोनवरच "वन बीएचके ना मॅडम, होऊन जाईल". अॅडव्हान्स घेतला तो कंपनीच्या नाही, कुणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर. सामान चढलं, आम्ही निर्धास्त. दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला फोन, आवाजच बदललेला, सामान सांगितल्यापेक्षा जास्त निघालं, बॉर्डरवर टॅक्स भरायचाय, आणखी १६ हजार पाठवा नाहीतर गोडाऊनला उतरवतो आणि रोजचं भाडं लागेल. आईचं शिलाई मशीन त्या गाडीत होतं, तिने पस्तीस वर्षं त्यावर ब्लाउज शिवलेत, आणि मी फोन धरून नुसती उभी होते. शेवटी घासाघीस करून १० हजार दिले.

तो बॉर्डरचा टॅक्स वगैरे सगळं खोटं होतं हे नंतर कळलं. २०१७ ला जीएसटी आल्यापासून घरसामानावर नाक्यावर भरायचा असा टॅक्सच नाही, वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलसुद्धा (माल नेताना काढायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, आणि गाडीच्या परमिटचा जो काय खर्च तो गाडीवाल्याचा.

सामान नवव्या दिवशी आलं, तेही वेगळ्याच ट्रकमधून. मशीनच्या लाकडी फळीला आरपार चीर. आणि एक खोकं नव्हतंच, त्यात तांब्याचं घंगाळ आणि पितळेचे डबे होते. तो म्हणाला, होतंच कुठे? आमच्याकडे यादीच नव्हती, काय दाखवणार.

म्हणून बहिणीला पहिलं सांगितलं ते यादीचं. प्रत्येक खोक्यावर फक्त नंबर, आत काय ते आपल्या वहीत, बंद करायच्या आधी फोटो, आणि गाडी भरली की त्या यादीवर सुपरवायझरची सही. टीव्ही, फ्रिज चालू असतानाचा व्हिडिओ काढायचा, ओरखडे आधीचे की नंतरचे हा वाद तिथेच मिटतो. बिल्टी म्हणजे एलआर, म्हणजे सामान गाडीत घेतल्याची वाहतूकवाल्याची पावती, हातात आल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, त्यावर गाडीचा नंबर, पोचवायचा पत्ता, ठरलेली रक्कम असं सगळं हवं. जीएसटी नंबर मागायचा आणि सरकारी पोर्टलवर टाकून बघायचा, नाव, पत्ता, रजिस्ट्रेशन कधीचं ते दिसतं. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावणारे खूप आहेत, पाटी बघून भुलू नका. इन्शुरन्सचे म्हणून पैसे घेतात, तेव्हा विमा कंपनीची पॉलिसी मागा, मूव्हरने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलेलं म्हणजे इन्शुरन्स नव्हे.

आणि अडकलातच तर घाबरून लगेच पैसे पाठवू नका, मी केलं ते करू नका. जास्तीचे पैसे कशाचे ते व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पोलीस म्हणतात हे तुमचं आपापसातलं, तर सांगा की सामान वाहून नेणाऱ्याने विश्वासघात केला तर भारतीय न्याय संहितेत त्याला वेगळं कलम आहे, ३१६(३). ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो तिथेच करता येते, त्याच्या गावाला जायला लागत नाही. हे मला त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर!

१४ हजारवाल्याला बहिणीने घर बघायला बोलावलं आणि जीएसटी नंबर मागितला, त्यानंतर त्याने फोनच उचलला नाही. आता २६ हजारात दुसरा ठरलाय, तो येऊन माळ्यापर्यंत सगळं बघून गेला. काल तिने वहीचा फोटो पाठवला, चौतीस खोकी, अकराव्या नंबरपुढे "आज्जीची समई" लिहून खोडलंय आणि बाजूला लिहिलंय, ही ट्रेनने माझ्याबरोबर.