पत्रावरचा पत्ता

फ्रान्समधल्या ल्योन शहरातल्या एका माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. आमच्याकडे नववीच्या वयाच्या मुलांना इतिहासाच्या बाई इझिऊला घेऊन जातात, दुसऱ्या महायुद्धात ज्यू मुलांना आसरा दिलेलं घर बघायला. सोबतीला आणखी एक शिक्षक लागतो. यंदा माझी पाळी आली.

आधी एक सांगून टाकते, जागा सुंदर आहे. डोंगरउतारावर मोठं घर, खाली ऱ्होन नदी, समोर डोंगरांच्या रांगा. आमची मुलं बसमधून उतरली ती थेट फोटो काढायलाच लागली. मी अडवलं नाही. १९४३ मध्ये इथे आलेल्या मुलांनाही हेच दिसलं असणार.

सबीन झ्लातिन ही परिचारिका आणि तिचा नवरा मिरों यांनी ज्यू मुलांसाठी हे घर उघडलं, तेव्हा हा भाग इटालियन सैन्याच्या ताब्यात होता आणि त्यांचा जाच जर्मनांपेक्षा कमी होता. शंभराहून जास्त मुलं इथे कमीअधिक काळ राहिली. एक वर्ग होता, त्यावर सरकारने नेमलेली तरुण शिक्षिका होती. सुट्टीत मुलं कागदाच्या लांब पट्ट्यांवर चित्रं काढून आपापला सिनेमा बनवत.

जॉर्जी हालपेर्न व्हिएन्नात जन्मलेला, आठ वर्षांचा. दूर असलेल्या आईवडिलांना त्याने इथून लिहिलेली पत्रं जपली गेली आहेत. अक्षर गोल, मधेच एखादं चित्र, आणि शेवटी आईला पाठवलेल्या पाप्यांचा आकडा. त्या आकड्यापुढची शून्यं मोजताना आमच्या दोन मुलींची चक्क पैज लागली. मोजता मोजता त्यांतली एक थांबली.

"मॅडम, हे लपलेले होते ना? मग पोस्टाने पत्रं कशी जायची? म्हणजे पोस्टमनला पत्ता माहीत होता?"

होता. गावालाही माहीत होता. जवळच्या बेले गावातल्या उपजिल्हाधिकाऱ्याने तर हे घर मिळवून द्यायला मदत केली होती. लपणं म्हणजे माळा नाहीतर तळघर, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथे चव्वेचाळीस मुलं अंगणात खेळत होती, ती आजूबाजूच्यांच्या भरवशावर. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, जर्मन आले आणि तो भरवसा अपुरा पडला. मुलांना वेगवेगळ्या ठिकाणी हलवायची सोय बघायला सबीन मोंपेलिएला गेली होती. तिथे तिला तार मिळाली: घरचे आजारी, रोग संसर्गजन्य. घरावर छापा पडल्याची खबर बेलेच्या उपजिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका कर्मचारी बाईने अशी सांकेतिक भाषेत पाठवली होती.

६ एप्रिल १९४४, ईस्टरच्या सुट्टीचा पहिला दिवस. सकाळच्या न्याहारीच्या वेळी जर्मनांचे ट्रक आले. ४४ मुलं आणि ७ मोठी माणसं नेली. एक जण खिडकीतून उडी मारून निसटला. शिक्षिका सुट्टीसाठी घरी गेली होती. आधी ल्योन, मग पॅरिसजवळची द्रांसीची छावणी, मग ऑशविट्झची मृत्युछावणी. ४२ मुलांना तिथे मारलं. दोन मोठ्या मुलांना आणि मिरोंला एस्टोनियात गोळ्या घातल्या. नेलेल्यांपैकी फक्त लेआ फेल्डब्लुम परतली. जॉर्जीचे आईवडील मात्र युद्धातून वाचले.

यानंतर आमच्या मुलांना एकच गोष्ट हवी होती: चुगली कोणी केली? चर्चा तापली, एकाने शेजारच्या शेतकऱ्यावर संशय घेतला, दुसऱ्याने पोस्टमनवर. खबर कोणी दिली हे आजवर सिद्ध झालेलं नाही. मला मात्र त्या शोधाचाच वैताग आला. गावातला एखादा फितूर सापडला की सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटतं. इथे तर हुकूम देणाऱ्याचं नाव कागदावर आहे. ल्योनच्या गेस्टापोमधल्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांतल्या, क्लाउस बार्बीने त्याच संध्याकाळी पॅरिसला तार केली की इझिऊचं घर 'साफ' केलं. त्यात मुलं ४१ लिहिली आहेत. मोजणीसुद्धा धड नाही. हीच तार १९८७ मध्ये ल्योनच्या न्यायालयात पुरावा म्हणून आली आणि बार्बीला जन्मठेप झाली.

परतीच्या बसमध्ये त्याच मुलीने विचारलं, त्या रात्री मुलांना ल्योनमध्ये कुठे ठेवलं होतं. मी म्हटलं, मोंल्युकच्या तुरुंगात. ती सीटवरून अर्धी उठली. "आमच्या आजीच्या घराजवळचं मोंल्युक?"

तेच. आता तिथे स्मारक आहे. पुढच्या वर्षी इझिऊच्या आधी मुलांना तिथेच न्यायचं, असं इतिहासाच्या बाईंनी आणि मी बसमध्येच ठरवलं.