मामांच्या ट्रकमधील दुसरी बॅटरी : तिसरी नोंद

मामांची बारा चाकी गाडी सांगलीहून हळद आणि बेदाणे घेऊन दिल्लीकडे जाते, आणि मे महिन्यात धौलपूर-ग्वाल्हेरच्या पट्ट्यात ढाब्यावर मुक्काम पडला की केबिनमध्ये पंख्याशिवाय डोळा लागत नाही. दोन पंखे, छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, दिवा आणि मोबाइल यांचा एका रात्रीचा खर्च मी मोजला, तो सुमारे 540 वॅट-तास भरला. हा भार गाडीच्या मूळ बॅटऱ्यांवर न टाकता केबिनमधल्या वेगळ्या बॅटरीवर भागवायचा आहे, कारण पहाटे सेल्फ मारल्यावर इंजिन सुरू झालेच पाहिजे.

गाडीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून 24 व्होल्ट मिळवलेले असतात. पूर्वी एका वायरमनने अर्थाकडच्या (चासीला जोडलेल्या) बॅटरीवरून थेट 12 व्होल्टचा टॅप, म्हणजे जोडीतल्या एकाच बॅटरीवरून वायर, काढून पंखा आणि टेप चालवला होता, आणि ही पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. तिच्यातला दोष असा की अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या जनित्राला) दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज तेवढी कळते. बेरीज 28 व्होल्ट भरली की त्याच्या लेखी काम झाले. प्रत्यक्षात टॅपची बॅटरी अर्धपोटी राहते आणि दुसरी उकळते. इंजिन चालू असताना मी दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या, तेव्हा एकीवर 13.4 आणि दुसरीवर 14.6 व्होल्ट आढळले. हायड्रोमीटरने पहिलीच्या ॲसिडची घनता 1.180 दाखवली, दुसरीची 1.275; चार्ज कमी तशी ही घनता कमी. दुसऱ्या बॅटरीत दर फेरीला डिस्टिल्ड वॉटर का घालावे लागते, हे मामांचे कोडे तिथेच सुटले. अखेर जोडी बदलावी लागली. ज्यांच्या गाडीत असा टॅप आहे त्यांनी तो आजच काढावा, असे मी आग्रहाने सांगेन.

नव्या रचनेत 100 ॲम्पिअर-अवरची 12.8 व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि 24 वरून 12 व्होल्टचा 25 ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे, म्हणजे गाडीच्या 24 व्होल्टवरून ही बॅटरी चार्ज करणारा. काही मित्र आठ सेलचा 25.6 व्होल्टचा पॅक थेट अल्टरनेटरला जोडतात, ते मला पटत नाही; या सेलचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की अल्टरनेटर देईल तितका करंट ते ओढतात, आणि इंजिन आयडलवर असताना पंख्याचा वारा कमी पडून वाइंडिंग तापते. चार्जर मात्र आपल्या मर्यादेत राहतो, इंजिन बंद होताच सिग्नल गेल्याने थांबतो, आणि रात्रीचा खर्च गाडी चालताना साधारण दोन तासांत भरून काढतो.

चार्जरच्या 24 व्होल्टच्या बाजूला सुमारे 15 ॲम्पिअर वाहतात. जाण्यायेण्याची मिळून 12 मीटर वायर लागली. 6 चौरस मिलिमीटरची वायर अर्धा व्होल्ट खात होती, म्हणून 10 ची घेतली, तिच्यात 0.3 व्होल्टच्या आसपास जातात. निगेटिव्ह चासीवर न सोडता थेट बॅटरीपर्यंत नेली आहे. चार्जरच्या दोन्ही बाजूंना बॅटरी असल्यामुळे फ्यूजही दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवले.

सर्वाधिक वेळ जागा ठरवण्यात गेला. इंजिन केबिनखालीच असल्याने बर्थच्या मध्यभागी, दुपारी गाडी चालत असताना, थर्मामीटरने 51 अंश दाखवले. इतक्या उष्णतेत या बॅटरीचे चार्जिंग बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) तोडणेच योग्य. क्लीनर बाजूच्या मागच्या कोपऱ्यात त्याच वेळी 41 अंश होते. बॅटरी तिथे पट्ट्यांनी आवळून बसवली आणि इंजिनाकडील अंगाला फोमचा थर दिला.

पहिल्या फेरीनंतर एक दोष निघाला. चार्जर अधूनमधून थांबत होता. वायरिंग चाचपताना फ्यूजजवळच्या थिंबलची (वायरच्या टोकाला दाबून बसवतात त्या धातूच्या टोपणाची) हीट श्रिंक नळी, म्हणजे तापवून आवळलेले प्लास्टिकचे वेष्टन, तपकिरी पडलेली दिसली. थिंबल मी साध्या पकडीने दाबले होते, आणि तेवढ्या एका जोडावर 0.9 व्होल्ट पडत होते. हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलने नवे थिंबल दाबल्यावर तेच मोजमाप 0.02 वर आले. आता प्रत्येक जोड पूर्ण भारावर मल्टिमीटरने तपासूनच नळी चढवतो.

केबिन पुढे झुकवताना बिजागरीपाशी वायर ताणली जाते, असेही दिसले. तिथे दीड फुटाचा झोल ठेवून ती फ्लेक्सिबल पाइपमध्ये घातली आहे. केबिन पाच वेळा उचलून पाहिली, पाइप कुठे घासत नाही. मात्र पावसाळ्यातील फेरीनंतर बिजागरीजवळचा क्लॅम्प पुन्हा उघडून पाहणार आहे.