स्पेक्ट्रम रिपेअर: स्क्रीन आली, पण निम्मी मेमरी गायब

मंडळी, सिंक्लेअरच्या ४८के (४८ किलोबाइट मेमरी) वाल्या झेडएक्स स्पेक्ट्रम होम कॉम्प्युटरचा अपडेट. बोर्ड इश्यू २ (दुसरी आवृत्ती) निघाला, झेड८० प्रोसेसरच्या पाठीवर फॅक्टरीतूनच डकवलेला तो फेमस जोडदुरुस्तीचा ट्रान्झिस्टर आहे. १९८२ मध्ये मशीन किती घाईत बाजारात आणलं ते तिथेच दिसतं.

आधीच्या कुणीतरी उलट्या पोलॅरिटीचा अडॅप्टर खुपसला असणार, याला मधे निगेटिव्ह लागतं आणि आजकालचे बहुतेक मधे पॉझिटिव्ह असतात. पॉवर सर्किटमधला टीआर४ ट्रान्झिस्टर उडालेला. तो आणि टीआर५ बदलले, कॉइल शाबूत होती, कपॅसिटर वयामुळे सगळेच नवे टाकले. मग खालच्या १६के रॅमच्या ४११६ चिप्सवर मीटर लावला, पिन १ ला उणे ५, पिन ८ ला १२, पिन ९ ला ५. हे तिन्ही आल्याशिवाय पुढे जाऊ नका, उणे ५ गायब आणि १२ चालू असं झालं की ४११६ मरतात.

आणि आली की हो स्क्रीन! तळाला सिंक्लेअर रिसर्च १९८२ ची ओळ. पण मेमरीतले २३७३२ आणि २३७३३ हे पत्ते पीक करून (बेसिकमध्ये पीक म्हणजे वाचणं, पोक म्हणजे लिहिणं) रॅमचा वरचा टोक काढला तर ३२७६७, ४८के ला ६५५३५ यायला हवं. म्हणजे वरची ३२के मशीनला दिसतच नाहीये.

ही ३२के म्हणजे सिंक्लेअरच्या काटकसरीचा कळस आहे. ६४ किलोबिटच्या ज्या चिप्सचा अर्धा भाग टेस्टमध्ये फेल व्हायचा त्या स्वस्तात उचलायच्या, चांगला अर्धा वापरायचा, कुठला अर्धा ते बोर्डवरच्या लिंकने (जोडतारेने) ठरवायचं. म्हणून तर ४८के १७५ पौंडात देता आला. कंपनीवाला क्लाइव्ह सिंक्लेअर पहिल्यापासून असाच, १९७२ च्या एक्झिक्युटिव्ह कॅल्क्युलेटरमध्ये बटन सेल टिकावेत म्हणून चिपची पॉवर सतत चालू-बंद करायचा, आणि स्पेक्ट्रमच्या आधीच्या झेडएक्स८० कॉम्प्युटरमधल्या २१ चिप्सचं काम झेडएक्स८१ मध्ये ४ वर आणलं, फेरांटी कंपनीच्या यूएलए या, अनेक चिप्सचं काम एकटीने करणाऱ्या चिपच्या जोरावर. पण हीच खोड अंगाशीही आली, १९७५ चं ब्लॅक वॉच घड्याळ स्टॅटिकने बंद पडायचं आणि त्याची आधीची रेडिओनिक्स कंपनी पार डबघाईला आली, सरकारी नॅशनल एंटरप्राइज बोर्डाला पैसा ओतावा लागला, १९७९ मध्ये क्लाइव्हसाहेब तिथून बाहेर. माझं मत, रॅमची आयडिया जीनियस, कीबोर्डचा मेम्ब्रेन (कळांखालचा प्लास्टिकचा पातळ पडदा) मात्र निव्वळ कंजूसपणा. १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना कॉम्प्युटरचा धंदा घेतला तेव्हा त्यांनी आधी धड कीबोर्डच बसवला.

असो. वरच्या रॅममध्ये ४०००० ला शून्य पोक केलं तर पीक ८ देतो, २५५ टाकलं तर २५५ च. म्हणजे बिट ३ (शून्यापासून मोजलं तर, ८ ची जागा) कायम १ वर अडकलाय, आणि एका चिपवर एकच बिट असल्याने बहुतेक एकच चिप गेलीय. तिथे सॉकेट लावून ४१६४ ही पूर्ण ६४ किलोबिटची चिप घालतोय, तिचे दोन्ही अर्धे चांगले असल्यामुळे लिंक कुठलीही असली तरी चालेल. त्यानंतर नवीन मेम्ब्रेन, मग कंपोझिट मॉड (टीव्हीला थेट व्हिडिओ सिग्नल देणारा बदल).